पोलंडच्या पहिल्या नोटा

पोलंडमध्ये कागदी चलन प्रथम अवतरले ते १७९४ साली, तादेउश कोश्चुश्को यांच्या उठावात. रशिया व प्रशियाविरुद्धच्या या लढ्यास रोख नाणी अपुरी पडू लागली, तेव्हा ८ जून १७९४ ही तारीख असलेल्या ५ ते १००० झ्लॉटींच्या कोषागार नोटा काढण्यात आल्या. त्यांवरील सह्या हाताने केलेल्या असत. सुट्या पैशांची टंचाई भासताच ५ व १० ग्रोशांच्या चिमुकल्या नोटाही निघाल्या. नोव्हेंबरात वॉर्सा पडले आणि हे सारे कागद कवडीमोल झाले. १७९५ मध्ये तर पोलंडचे राज्यच लयास गेले.

आज संग्राहकांना लहान मूल्यांच्या नोटा लिलावांत अधूनमधून मिळतात. ५०० व १००० झ्लॉटींची अस्सल नोट मात्र अतिशय दुर्मीळ. खरेदीपूर्वी कागद, जलचिन्ह व सह्यांची शाई पारखून घेणे इष्ट. घड्या लपवण्यासाठी धुऊन दाबलेली नोट देखणी दिसते खरी, पण जाणकारांच्या लेखी तिचे मोल घटलेलेच असते.

स्वतंत्र पोलंडच्या १९१९ ही तारीख असलेल्या बहुतेक झ्लॉटी नोटांवर कोश्चुश्को यांचेच चित्र आहे. त्या चलनात आल्या १९२४ साली. त्यांपैकी १००० व ५००० झ्लॉटींच्या नोटा तर कधी आल्याच नाहीत.