जुने ऑफिस सॉफ्टवेअर नव्या संगणकावर नेताना: भोर-वेल्ह्यातील मराठी फाइलींचे काय होते?

जुना संगणक बदलताना दोन वेगळ्या गोष्टी हलवायच्या असतात: फाइली आणि त्या उघडणारे सॉफ्टवेअर. फाइली पेनड्राइव्हवर कॉपी होतात. सॉफ्टवेअर तसे होत नाही, ते नव्या संगणकावर पुन्हा बसवावे (इन्स्टॉल करावे) लागते. मराठी कागदपत्रांच्या बाबतीत तिसरी गोष्टही असते, ती म्हणजे फॉन्ट. नेमकी हीच मागे राहते आणि सगळा घोळ तिथेच होतो.

सध्या हा प्रश्न अनेक ठिकाणी एकदमच आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने थांबवली. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचा आधारही त्याच दिवशी संपला. ऑफिस २००७ चा तर २०१७ मध्येच संपला होता. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, त्यामुळे बऱ्याच जुन्या यंत्रांवर ती अधिकृतपणे बसत नाही. भोर शहरातले डीटीपीचे दुकान असो, वेल्ह्याच्या खोऱ्यातली दूध संस्था असो की एखाद्या शाळेचे कार्यालय, नवा संगणक घ्यावा लागला की जुन्या फाइलींचा विचार करावाच लागतो.

मराठीची अडचण कुठे आहे?

युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून जागा आहे, आणि विंडोज २००० पासून मंगल हा युनिकोड फॉन्ट मिळू लागला. पण महाराष्ट्रातल्या कार्यालयांत आणि छापखान्यांत त्यानंतरही बरीच वर्षे जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालले: पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएम सॉफ्टवेअरबरोबर येणारा डीव्हीबी-टीटी सुरेख, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव. या फॉन्टांत संगणकाच्या दृष्टीने मराठी अक्षर नसतेच. फाइलमध्ये साठवलेले असतात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे क्रमांक. फॉन्ट त्या क्रमांकांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढून दाखवतो: एक काना, एक अर्धा ल, एक रफार.

म्हणून तीच फाइल नव्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरे, पाउंडाचे चिन्ह आणि डोक्यावर टिंबे असलेले परदेशी स्वर यांची खिचडी दिसते. फाइल खराब झाली, व्हायरस आला, अशी शंका घेतली जाते आणि कधीकधी ती फाइल पुसलीही जाते. प्रत्यक्षात मजकूर शाबूत असतो. जुन्या संगणकावरचा तोच फॉन्ट परवाना पाहून नव्यावर बसवला, की वाचता येतो.

पण वाचता येणे पुरेसे नाही. अशा फाइलीत युनिकोडमध्ये ‘भोर’ टाइप करून शोधले तर एकदाही सापडणार नाही. नावे अकारविल्हे लावता येत नाहीत, ईमेलने पाठवली तर समोरच्याला तीच खिचडी दिसते, ऑनलाइन अर्जात चिकटवता येत नाहीत. त्यामुळे मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो. त्यासाठी परिवर्तक (कन्व्हर्टर) मिळतात, काही फुकट.

गावांची नावे हीच चाचणी

परिवर्तक कुठे चुकतो हे या दोन तालुक्यांतली गावे चांगले दाखवतात. ‘विंझर’ घ्या. जुन्या फॉन्टमध्ये कागदावर दिसते त्या क्रमाने आधी पहिली वेलांटी आणि मग व साठवलेला असतो. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने आधी व, मग वेलांटी. ‘मार्गासनी’त उलटे: जुन्या पद्धतीत रफार ग नंतर येतो, युनिकोडमध्ये र् आधी लागतो. ‘हिर्डोशी’त दोन्ही गोष्टी एकत्र आहेत, आणि ‘वेल्हे’त अर्धा ल. ‘भाटघर’ किंवा ‘भोर’ मात्र कोणताही परिवर्तक बिनचूक बदलतो, म्हणून तेवढ्यावर विसंबून ‘सगळे बरोबर आले’ म्हणू नये.

खास मराठी अडचण आहे ऱ्ह आणि ऱ्य यांची. हिंदीसाठी बनवलेल्या परिवर्तकांना हा र ओळखता येत नाही. पानशेत रस्त्यावरच्या ‘गोऱ्हे’चे ते ‘गोर्हे’ करून टाकतात. शिवाय युनिकोडमध्ये हे जोडाक्षर दोन प्रकारे लिहिता येते आणि दोन्ही डोळ्यांना सारखीच दिसतात. एका यादीत एक आणि दुसरीत दुसरे असेल तर एक्सेल त्यांना वेगळी नावे समजते.

हे सगळे बारकावे वाटतात, पण ज्या भागात भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर आणि गुंजवणी इतकी धरणे झाली तिथे प्रकल्पग्रस्तांच्या दाखल्यांपासून वारसनोंदीपर्यंत नावाच्या एका अक्षराला किंमत असते. वडिलांच्या नावातला रफार एका अक्षराने सरकला तर दुरुस्तीसाठी माणसाला तालुक्याला खेपा घालाव्या लागतात.

वेल्ह्याच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. तालुक्याचे नाव २०२५ मध्ये राजगड झाले. लेटरहेड आणि अर्जांच्या नमुन्यांत ते बदलावे लागते, आणि ‘शोधा व बदला’ ही सोय युनिकोड मजकुरावर क्षणात ते काम करते. पण ती आंधळेपणाने चालवू नये. तालुका राजगड झाला तरी गाव वेल्हे बुद्रुक हे वेल्हेच आहे. आणि जुनी इतिवृत्ते, जुने दाखले यांत त्या तारखेला जे नाव होते तेच राहायला हवे.

आधी जुन्या संगणकावर काय करावे?

जुना संगणक सुरू आहे तोवरच बहुतेक काम उरकावे. मजकुरावर क्लिक करून वर दिसणारे फॉन्टचे नाव फाइलवार लिहून घ्यावे, कारण प्रत्येक फॉन्टचे कोष्टक वेगळे असते, अगदी एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांचेही. महत्त्वाच्या फाइलींची पीडीएफ तिथेच काढावी. त्यात फॉन्ट आतच बसतो, म्हणून नंतर ताडून पाहायला ती मूळ प्रतीसारखी उपयोगी पडते. एक्सेलमध्ये नावे जुन्या फॉन्टमध्ये आणि इतर रकाने इंग्रजीत असे मिश्रण असते. सगळी शीट एकदम परिवर्तकात घातली तर इंग्रजी शब्दांचे निरर्थक मराठी होते, म्हणून रकान्यानुसार बदलावे. मूळ फाइलवर काम न करता प्रतीवर करावे, हे सांगायला नकोच.

‘माय डॉक्युमेंट्स’ कॉपी केले की झाले असा समज असतो. डेस्कटॉप, डी ड्राइव्ह आणि आउटलुकची पीएसटी फाइल हमखास राहून जातात. जुन्या आवृत्त्यांत ही शेवटची लपलेल्या फोल्डरमध्ये असते. नव्या यंत्राला सीडी ड्राइव्ह बहुधा नसतो, तेव्हा सॉफ्टवेअरच्या सीडीही आधीच पेनड्राइव्हवर घ्याव्यात.

परवाने आणि कुलपे

दुकानातून वेगळे विकत घेतलेले ऑफिस साधारणपणे दुसऱ्या यंत्रावर हलवता येते. संगणकाबरोबरच आलेले (ओईएम) ऑफिस त्या यंत्राशी बांधलेले असते, ते हलत नाही. टॅलीचा परवाना जुन्या संगणकावर ‘सरेंडर’ करून मगच नव्यावर चालू करायचा असतो, आणि टॅली ७.२ सारखा जुना डेटा नव्या आवृत्तीत थेट न उघडता स्थलांतराच्या टप्प्यांतून न्यावा लागतो. काही जुन्या मराठी व लेखा सॉफ्टवेअरना हार्डवेअर लॉक असतो. तो प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला लागणारा असेल तर नव्या यंत्रावर त्याला जागाच नसते.

डॉसवर चालणारे फॉक्सप्रोचे कार्यक्रम ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटच आहे. डॉसबॉक्ससारखे साधन वापरून ते चालवता येतात. त्यांच्या डीबीएफ फाइली मात्र लिबरऑफिस किंवा एक्सेलमध्ये सरळ उघडतात. त्या काळात जिस्ट कार्डावर इस्कीमध्ये टाइप केलेली मराठी असेल तर नशीबच, कारण इस्की उच्चाराच्या क्रमाने साठवते आणि युनिकोडची देवनागरी त्यावरूनच बेतलेली आहे.

लग्नपत्रिका आणि अहवाल छापणाऱ्यांची गोष्ट सर्वांत अवघड. पेजमेकरची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ ची, आणि तिला युनिकोड कळत नाही. तिच्या फाइली इनडिझाइन सीएस-६ पर्यंत उघडतात, पुढच्या आवृत्त्यांत नाही. इथे मजकूर बाहेर काढून, युनिकोडमध्ये बदलून, पाने नव्याने लावण्याला फारसा पर्याय नाही.

नव्या यंत्रावर मंगल दिसला नाही तर घाबरू नये. विंडोज १० पासून तो देवनागरीच्या पूरक फॉन्टांत गेला असून सेटिंग्जमधून जोडता येतो. तोवर मजकूर निर्मला यूआयमध्ये दिसतो, फक्त पानांची मांडणी थोडी सरकते. टंकलेखकाची बोटे मात्र अशी सहज वळत नाहीत. टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर परीक्षा दिलेल्या माणसासमोर इन्स्क्रिप्ट ठेवले तर काम महिनाभर रखडते. युनिकोडमध्येच रेमिंग्टन मांडणीने टाइप करता येईल असे वेगळे साधन पहिल्याच दिवशी बसवून द्यावे. आणि जुना संगणक भंगारात देण्याआधी निदान एक मार्चअखेर व लेखापरीक्षण पार पडू द्यावे, कारण राहून गेलेली फाइल बहुधा तेव्हाच आठवते.