वऱ्हाडची माती आणि यंत्राचा हात

रस्त्याच्या कडेला खोदकाम चालले असले, म्हणजे तेथील पिवळ्या यंत्राकडे बोट दाखवून शहरातील लहान मुलेही त्याचे नाव सांगतात. जेसीबी हा शब्द आता मराठीत परका राहिलेला नाही. परंतु पुढे माती उचलणारी बकेट आणि मागे खोदणारी सोंड असे हे यंत्र मुळात एकसंध जन्मास आले नाही, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी नसते. शेतावरचा साधा ट्रॅक्टर घ्यावा आणि त्यास लहानशा कारखान्यात घडविलेला लोखंडी हात जोडावा, अशा खटपटीतून त्याची उत्पत्ती झाली. तेव्हा अमरावती-अकोल्याकडचा एखादा शेतकरी गावच्या लोहाराकडून आपल्या छोट्या ट्रॅक्टरला असा हात बसवून घेऊ म्हणेल, तर तो काही विलक्षण वेड करीत नाही. एका जुन्या वाटेनेच तो चालू पाहत आहे. त्या वाटेवर कोणास यश आले आणि कशामुळे आले, हे मात्र त्याने प्रथम पाहिले पाहिजे.

वऱ्हाडची काळी माती ही मोठी लहरी आहे. पावसात ती फुगते व चाकाला लोण्यासारखी चिकटते; उन्हाळ्यात ती आकसून तिला हात हात खोल भेगा पडतात. अशा मातीसाठी येथल्या शेतकऱ्याने आपली स्वतंत्र अवजारे सिद्ध केली. दरवर्षी नांगरट करण्याऐवजी वखराच्या रुंद पासेने जमिनीचा वरचा थर मोकळा करावयाचा, तिफणीने पेरावयाचे आणि पीक उभे राहिल्यावर ओळींमधून डवरे चालवावयाचे, असा येथला क्रम होता. यांत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, बैलजोडी एकच, पण तिच्यामागे जोडावयाचे अवजार ऋतूप्रमाणे निराळे. तिफणीमागे सरते बांधून कपाशीच्या शेतात तुरीची ओळ पेरणे, किंवा एका जोडीमागे दोन डवरे चालविणे, हे सर्व गावचा सुतार, लोहार आणि शेतकरी यांनी मिळून बसविलेले शास्त्र होते. मोडले तर तेथेच दुरुस्त होई, जड वाटले तर तेथेच तासून हलके केले जाई.

या व्यवस्थेला खरे आव्हान दिले ते कुंद्याने. कुंद्याची मुळे इतकी खोल जातात की, वखराची पास त्यांच्यावरून नुसती निघून जाते. तो काढावयाचा तर कुदळीने शेत खणावे लागे. विहिरी आणि बांध यांचे कामही असेच मनुष्यबळाने होई. महाराष्ट्रात माती आणि दगड यांच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या निष्णात असलेला वडार समाज त्यात अग्रेसर होता. पुढे लोखंडी नांगर आला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास १९०३ साली आपला नांगर बाजारात आणला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी भीती शेतकऱ्यांना वाटत होती. पहिले ४० नांगर खपावयास दोन वर्षे लागली. भीती गेली ती व्याख्यानांनी नव्हे. नांगर शेतात चालताना पाहिल्यावर आणि त्याचा फाळ बदलून मिळू लागल्यावर गेली.

नांगराला बैलांचे बळ पुरले. खोदणाऱ्या हाताला मात्र ते पुरणारे नव्हते. त्या हाताचे बळ निराळ्या ठिकाणी दडलेले होते, आणि गंमत अशी की, त्याची ओळख वऱ्हाडास ट्रॅक्टरच्या पुष्कळ आधी झालेली होती. १८६७ साली मुंबईहून निघालेली आगगाडी वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोचली. १८७० साली खामगावचा फाटा सुरू झाला. सरकी काढलेली रुई फुगीर असते. ती तशीच डब्यात भरली तर डबा भरतो, पण माल थोडाच जातो. म्हणून रेल्वेच्या पाठोपाठ जिन आणि प्रेस आले. प्रेसमध्ये रुई दाबून तिची घट्ट गाठ बांधीत. हिंदुस्थानातील ही गाठ पुढे ३९२ पौंडांची ठरली. हा प्रचंड दाब द्यावयाचा कसा? पुष्कळ मोठ्या प्रेसांत तो पाण्याच्या दाबाने देत असत. बंदिस्त द्रवावर एका जागी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोचतो, हा पास्कालने सतराव्या शतकात मांडलेला सिद्धांत. आणि त्यावर आधारलेल्या दाबयंत्राचा हक्क इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने १७९५ साली घेतला.

आजच्या यंत्राच्या हातात पाण्याऐवजी तेल असते, एवढाच काय तो फरक. ५ सेंटिमीटर व्यासाचे एक नळकांडे घेतले, तर त्यातील दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर भरते. पंपाने दर चौरस सेंटिमीटरला १०० किलोग्रॅम दाबाचे तेल त्यात सोडले, की मनगटाएवढा तो दट्ट्या जवळजवळ २ टनांचा रेटा देतो. रुईची गाठ बांधणारे बळ ते हेच.

बळ मिळाले, आता ते वाहून नेणारे अंग पाहिजे होते. आरंभीचे ट्रॅक्टर बैलांप्रमाणे नांगर नुसता मागे ओढीत. नांगर एखाद्या खडकाला अडला, म्हणजे ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकाच्या अंगावर उलटत असे. आयर्लंडमधील हॅरी फर्ग्युसन याने या प्रश्नावर वर्षानुवर्षे विचार केला. अवजार हे ओढावयाचे ओझे नसून ट्रॅक्टरच्याच शरीराचा अवयव झाले पाहिजे, हे त्याने ओळखले. तीन दांड्यांनी अवजार जखडावयाचे आणि तेलाच्या दाबाने उचलावयाचे, अशी त्याची जोडणी १९३६ साली बाजारात आली आणि १९३९ पासून फोर्डच्या कारखान्यातून ती मोठ्या प्रमाणावर पसरली. आजच्या शेतकी ट्रॅक्टरच्या पाठीशी दिसणाऱ्या तीन दांड्या म्हणजे त्याच कल्पनेचे फळ होय.

अशाच एका फोर्ड ट्रॅक्टरला अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानातल्या हबर्डस्टन या खेड्यात वेनो होलोपाइनेन आणि रॉय हँडी या दोघांनी मागून खोदणारा हात बसविला आणि १९४८ साली तो एका वीज कंपनीस विकला. त्याच सुमारास इंग्लंडात अटॉक्सेटर गावी जोसेफ सिरिल बॅमफर्ड याने १९४५ साली भाड्याच्या गॅरेजमध्ये, जुने वेल्डिंग यंत्र घेऊन, युद्धातील भंगारापासून एक ट्रेलर घडविला आणि तो ४५ पौंडांना विकला. पुढे १९५३ साली त्याने ट्रॅक्टरला पुढे बकेट व मागे सोंड जोडली. त्याच्या नावाची तीन आद्याक्षरे म्हणजेच आपली जेसीबी! भारतात या यंत्रांची बांधणी १९७९ साली बल्लभगड येथे सुरू झाली.

महाराष्ट्रात मात्र त्या दशकात वारे उलट दिशेने वाहत होते. १९७२ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे हाती कुदळ घेऊन बंधारे व रस्ते यांच्या कामावर उतरली, आणि त्यातूनच १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला. यंत्राचा एक हात माणसांचे पुष्कळ हात रिकामे करतो, हा प्रश्न तेव्हा होता आणि पुढेही मिटला नाही. २०१६ साली वरूड तालुक्यात पाणलोटाच्या कामांची स्पर्धा झाली, तेव्हा श्रमदानाची कुदळ आणि पिवळे यंत्र एकाच शिवारात शेजारी शेजारी चालली. संत्र्याच्या बागांनी वरूडच्या भूगर्भातील पाणी उपसून नेलेले. तर पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूगर्भात पाणी असूनही ते पिण्यास व पिकास निरुपयोगी. दोन्हीकडे पावसाचे पाणी अडविण्यावाचून गत्यंतर नाही, आणि शेततळे किंवा चर खोदावयाचा तर वेळ थोडा असतो. मोठे यंत्र तासाच्या भाड्याने आणावे लागते, आणि संत्र्याच्या ओळींमध्ये ते वळतही नाही. म्हणून आपल्याच लहान ट्रॅक्टरला हात जोडण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. ट्रॅक्टरची वखरे व डवरे घडविणाऱ्या वेल्डिंगच्या कार्यशाळा वऱ्हाडात आहेतच.

परंतु फर्ग्युसनचा धडा येथेच आठवावयास हवा. लोखंड जोडणे सोपे. अंगाने ते सोसणे कठीण. समजा, ट्रॅक्टरच्या दोन आसांमध्ये दीड मीटर अंतर आहे आणि पुढच्या आसापासून एक मीटर पुढे बकेटीत २०० किलो माती उचलली. मग पुढच्या आसावर २०० नव्हे, ३३३ किलोंचा जादा भार पडतो आणि मागची चाके १३३ किलोंनी हलकी होतात. हलक्या चाकाची पकड सुटते, ब्रेक लागत नाही, आणि उतारावर गाडी कलंडते. म्हणून मागे तितके प्रतिवजन हवे, बकेट जमिनीलगत ठेवून चालावयास हवे, आणि खोदताना सोंडेचा रेटा चाकांवर न येता जमिनीत रोवलेल्या दोन पायांवर यावयास हवा. भिजलेल्या काळ्या मातीत तर ते पायही रुततात. तेव्हा त्यांखाली रुंद पत्रा पाहिजे. ज्या खड्ड्याच्या भिंती सरळ उभ्या खोदल्या, त्या पहिल्या पावसात ढासळतात. म्हणून तळ्याच्या कडा उताराच्याच ठेवाव्या लागतात.

हा सारा हिशोब काही परदेशी विद्या नव्हे. डवऱ्याची दांडी किती लांब असावी म्हणजे बैलाच्या खांद्यावर ओझे येणार नाही, हे वऱ्हाडातल्या सुताराला ठाऊक होते. त्याने ते कागदावर मांडले नव्हते, पण जोडीचे बळ आणि मातीची ओल पाहूनच तो लाकूड तासीत असे. अवजार जोडण्यापूर्वी खांदा पाहावा, ही ती जुनी शिकवण. बैलाचा खांदा सोलला, तर जनावर अडून बसे आणि मालकास चूक कळे. ट्रॅक्टर तसे काही सांगत नाही. तो एकदाच उलटतो, आणि त्यावर माणूस बसलेला असतो.