मोनॅकोचा किनारा आणि बडोद्याचा गालिचा

सेवानिवृत्तीनंतर उभयतांनी मिळून थोडा दूरचा प्रवास करावा, हा आमचा जुना संकल्प होता. मुलीच्या संसारानिमित्त फ्रान्समधील लिओं शहरी जाण्याचा योग आला आणि परतीपूर्वी चार दिवस मोकळे मिळाले. ते कोठे घालवावेत, असा प्रश्न निघाला तेव्हा मी दक्षिण किनाऱ्याचे नाव घेतले. "अहो, तिथे तर सगळे श्रीमंतांचे आणि जुगाऱ्यांचे राज्य. आपले काय काम?" असे सौभाग्यवतींनी विचारले. माझे काम होते, परंतु ते मी तेव्हा सांगितले नाही. वाचकांस मात्र आधीच सांगतो. माझे आजोबा गायकवाड सरकारच्या खानगी खात्यात कारकून होते. मोत्यांचा गालिचा आपण एकदा डोळ्यांनी पाहिला, असे ते आम्हा नातवंडांना सांगत असत. तो गालिचा बडोद्याहून ज्या गावी गेला, ते गाव मला पाहावयाचे होते.

आमचा मुक्काम नीस येथे होता. नीस हे आजचे फ्रेंच शहर मुळात ग्रीकांची वसाहत. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या सुमारास मार्सेयच्या ग्रीकांनी ते वसविले आणि विजयदेवतेवरून त्यास निकाइया हे नाव दिले. १३८८ पासून ते बहुतांशी सॅव्हॉय घराण्याच्या सत्तेखाली होते आणि १८६० साली तह व जनमत घेऊन फ्रान्सकडे आले. इटलीच्या एकीकरणाचा सेनानी गॅरिबाल्डी याचा जन्म १८०७ मध्ये याच गावी झाला. आपले जन्मगाव परक्या राज्यात गेल्याचे शल्य त्यास शेवटपर्यंत राहिले. भाषावार प्रांतरचनेच्या वेळी आपल्या सीमाभागातील अनेक कुटुंबांनी अनुभवलेले दुःख याहून फार निराळे नसावे.

समुद्राकाठचा प्रसिद्ध रस्ता 'इंग्रजांचा विहारमार्ग' म्हणून ओळखला जातो. १८२० नंतरच्या एका कडक हिवाळ्यात गावात भिकाऱ्यांची गर्दी झाली, तेव्हा हवापालटासाठी येथे राहिलेल्या इंग्रजांनी, लुईस वे या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने, वर्गणी काढून त्या लोकांना काम दिले. ते काम म्हणजे समुद्राकाठाने पायवाट बांधणे. १९८५ ते १९८७ च्या दुष्काळात मी स्वतः राहतकामांवर देखरेख केली असल्याने हे वाचून मला गंमत वाटली. आम्ही खणलेले तलाव पुढल्या पावसात किती टिकले, याचा हिशेब देण्याचे धैर्य मजपाशी नाही. हे राहतकाम मात्र दोनशे वर्षांनंतर जगातील एक देखणा रस्ता होऊन बसले आहे. त्याच रस्त्यावर १४ जुलै २०१६ रोजी मालमोटार गर्दीत घालून ८६ माणसांचा बळी घेतला गेला. सौभाग्यवतींनी तेथे क्षणभर उभे राहून हात जोडले. नंतर किनाऱ्यावर उतरलो, तो वाळूऐवजी सगळे गोटेच. "एवढे नाव, आणि बसायला धड वाळूसुद्धा नाही," हा त्यांचा अभिप्राय.

आज उन्हाळ्यात गजबजणारा हा किनारा मुळात हिवाळी मुक्कामाचा होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते. क्षयाच्या रोग्यांना डॉक्टर येथील कोरडी, ऊबदार हवा घ्यावयास पाठवीत. त्यांच्यामागून उमराव आले, आणि १८६४ मध्ये नीसला आगगाडी पोहोचल्यावर राजेरजवाडे आले. रशियाचा युवराज निकोलस १८६५ मध्ये येथेच वारला. व्हिक्टोरिया राणी १८९७ ते १८९९ अशी लागोपाठ तीन वर्षे नीसच्या सिमिए टेकडीवरील भव्य हॉटेलात येऊन राहिली. तिच्यासोबत तिचा हिंदी मुन्शी अब्दुल करीमही असे. १८९७ च्या प्रवासात त्यास बरोबर न्यावे की नाही, यावरून राणीच्या मानकऱ्यांत मोठा कलह झाला होता. या किनाऱ्यास 'निळा किनारा' हे आज रूढ असलेले नाव स्तेफाँ लिएजार या लेखकाच्या १८८७ च्या पुस्तकाने दिले.

दुसऱ्या दिवशी कानला गेलो. आगगाडीने अर्ध्या तासाचा रस्ता. कानचे भाग्य उघडले ते पटकीच्या साथीमुळे. इंग्लंडचे माजी लॉर्ड चॅन्सेलर ब्रूम हे १८३४ साली इटलीकडे निघाले होते. त्या काळी नीस सार्डिनियाच्या राज्यात असल्याने वार नदी ही सरहद्द होती आणि साथीमुळे तेथील नाका बंद होता. मागे फिरलेले ब्रूम कान नावाच्या कोळ्यांच्या खेड्यात उतरले, ते गाव त्यांस इतके आवडले की त्यांनी तेथे बंगला बांधला आणि १८६८ साली देहही तेथेच ठेवला. त्यांच्या मागोमाग विलायतेतील धनिक आले. चित्रपट महोत्सव बराच नंतरचा. तो १९३९ मध्ये भरावयाचा होता, महायुद्धामुळे १९४६ मध्ये सुरू झाला.

सौभाग्यवतींचे माहेर इंदूर. कानमध्ये त्यांस बोलावयास विषय मिळाला, कारण यशवंतराव होळकर आणि महाराणी संयोगिताबाई यांची मॅन रे या नामांकित कलावंताने घेतलेली छायाचित्रे याच गावची, १९३० च्या आगेमागची. त्यांत राजदरबाराचा थाट नाही. एक तरुण जोडपे एकमेकांच्या सहवासात रमलेले आहे, इतकेच. संयोगिताबाई कागलकरांच्या कन्या. १९३७ मध्ये ऐन तारुण्यात त्या निवर्तल्या. "तुमच्या गायकवाडांनी जडजवाहीर जमविले, आमच्या होळकरांनी कला ओळखली," असे सौभाग्यवतींनी मला ऐकविले. म्हणणे अगदीच निराधार नव्हते. इंदूरचा माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराने १९३० नंतर उभारला आणि त्यातील खुर्च्या, दिवे, गालिचे युरोपातील सर्वांत आधुनिक कारागिरांकडून घडवून घेतले होते. मी उत्तर दिले नाही, कारण तिसऱ्या दिवशी मोनॅकोला जावयाचे होते आणि तेथे उत्तर आपोआप मिळणार होते.

मोनॅकोचे स्थानक डोंगराच्या पोटात आहे. बाहेर आले की एकदम समुद्र, नौका आणि एकावर एक रचलेल्या इमारती दिसतात. सारे राज्य जेमतेम दोन चौरस किलोमीटरचे. आमच्याकडील लहानशा गावाची शीवही याहून मोठी असते. १२९७ मध्ये फ्रान्सेस्को ग्रिमाल्डी हा भिक्षूच्या वेषात किल्ल्यात शिरला आणि त्याने तो काबीज केला, तेव्हापासून त्या घराण्याचा या खडकाशी संबंध आहे. मांतों आणि रोकब्रून ही गावे १८४८ मध्ये फुटून निघाली आणि १८६१ च्या तहाने चाळीस लक्ष फ्रँकांच्या मोबदल्यात ती फ्रान्सला द्यावी लागली. बहुतेक सर्व मुलूख गेला, लिंबूसंत्र्यांच्या बागांचे उत्पन्न गेले. अशा अडचणीत राजा तिसरा चार्ल्स याने जर्मनीतील जुगारगृह यशस्वी करणाऱ्या फ्रान्स्वा ब्लाँ यास १८६३ मध्ये पाचारण केले. १८६६ मध्ये त्या टेकडीस राजाच्या नावावरून मोन्टे कार्लो हे नाव मिळाले. १८६८ मध्ये आगगाडी आली आणि १८६९ मध्ये प्रजेला प्राप्तिकर माफ झाला. प्रजेने मात्र जुगारगृहात खेळावयाचे नाही, हा निर्बंध आजही आहे. राज्याचा महसूल परक्यांच्या व्यसनातून घ्यावा आणि आपली माणसे त्यापासून दूर राखावीत, ही युक्ती पाहून माझ्यासारख्या जुन्या सरकारी नोकरास आश्चर्य वाटले नसते तरच नवल.

याच मोनॅकोत १९४६ च्या सुमारास बडोद्याच्या महाराणी सीतादेवी यांनी घर केले. त्या पिठापुरमच्या राजकन्या. महाराज प्रतापसिंहराव यांच्याशी १९४३ मध्ये त्यांचा विवाह झाला तो महाराजांची पहिली पत्नी हयात असताना, आणि एकपत्नीत्वाचा कायदा खुद्द बडोदे राज्यातच असताना. पुढे बडोद्याच्या जामदारखान्यातील रत्नांचा मोठा भाग युरोपात गेला. राज्याच्या खजिन्यातून मोठ्या रकमा उचलल्याचे विलीनीकरणाच्या वेळी उघडकीस आले; राज्याच्या विधिसभेने १९४८ मध्ये महाराजांविरुद्ध ठराव केला. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५१ मध्ये भारत सरकारने प्रतापसिंहरावांची मान्यता काढून घेतली. न्यायासाठी हेही नोंदविले पाहिजे की आपले महाराजा सयाजीराव विद्यापीठ त्यांच्याच काळात, १९४९ मध्ये, स्थापन झाले. १९५६ मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. सीतादेवींचा १९८९ मध्ये पॅरिस येथे अंत झाला.

युरोपात गेलेल्या वस्तूंमध्ये तो गालिचा होता. खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास तो करविला. मदिनेतील पैगंबरांच्या समाधीस अर्पण करण्याचा त्यांचा हेतू होता, अशी परंपरा आहे. १८७० मध्ये महाराज निवर्तले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. लांबी साडेआठ फुटांहून थोडी अधिक, रुंदी पावणेसहा फुटांच्या आसपास. रेशीम व हरणाचे कातडे यांवर सुमारे पंधरा लक्ष बसराई मोती, आणि मध्ये हिऱ्यांची तीन मोठी फुले. लॉर्ड कर्झनच्या दिल्ली दरबाराच्या वेळी, १९०२-०३ च्या प्रदर्शनात, तो मांडला गेला होता. मार्च २००९ मध्ये दोहा येथील लिलावात तो सुमारे पंचावन्न लक्ष डॉलर्सना विकला गेला आणि आता कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

आजोबा सांगत, "खालचे कापड दिसतच नव्हते रे, नुसते मोती." लग्नानंतर सौभाग्यवतींनी हे ऐकले तेव्हा बडोदेकरांची बढाई म्हणून त्या मनातल्या मनात हसल्या होत्या, हे त्यांनी मोनॅकोच्या बंदरावरील बाकावर बसून प्रथमच कबूल केले. मग मी त्यांना उरलेली हकीकत सांगितली. त्यांच्या माणिकबागेतील ते अपूर्व सामान १९८० साली याच मोन्टे कार्लोत लिलावात निघाले आणि जगभर पांगले. राजवाड्यात तोवर केंद्रीय अबकारी खात्याचे कार्यालय आले होते. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे माहेर आणि सासर दोन्ही इथेच संपली म्हणायची."

मी त्यावर विचार करीत राहिलो. सारी नोकरी मी महसूल खात्यात काढली. खानगीचे काय आणि सरकारचे काय, हा भेद कागदावर जितका स्पष्ट असतो तितका तो पैशात नसतो. गालिच्यासाठी लागलेला रुपया कडी, अमरेली, नवसारीच्या रयतेच्या साऱ्यातूनच आला होता. ज्यांनी तो भरला, त्यांच्या नातवंडांना त्यातील एक मोतीही पाहावयास मिळाला नाही.

परंतु युरोपात जाणारे गायकवाड एकाच जातीचे नव्हते. सयाजीराव महाराज १८८७ पासून वारंवार युरोपात गेले. त्यांच्या दीर्घ अनुपस्थितीबद्दल टीकाही झाली. तरी त्यांनी तेथून काय आणले ते पाहावे. सार्वजनिक ग्रंथालयांची कल्पना त्यांनी परदेशी पाहिली आणि १९१० मध्ये ती आपल्या राज्यात रुजविण्यासाठी बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञास बोलाविले. १९०६ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण राज्यभर लागू केले. स्पीलमन या जाणकारामार्फत निवडलेली युरोपीय चित्रे आणवून कमाटीबागेतील चित्रशाळा सजविली. आजोबा हयात असताना ती चित्रे तेथे होती, आजही आहेत, आणि थोड्याशा तिकिटावर कोणीही ती पाहू शकतो. आजोबांनी युरोपातून आणलेले लोकांपाशी राहिले. नातवाच्या काळात युरोपात गेलेले परत आले नाही. जे सार्वजनिक केले तेच वाचले, असा या सगळ्याचा हिशेब मला दिसतो.

सौभाग्यवतींचा हिशेब वेगळा आहे. परतीच्या गाडीत त्यांनी विचारले, "ते मोती मुळात कुठले?" मी म्हणालो, इराणी आखातातले, तेथील पाणबुडे जिवावर उदार होऊन शिंपले काढीत आणि मुंबईचे व्यापारी मोती विकत घेत. जपानी कृत्रिम मोत्यांनी १९३० च्या सुमारास तो धंदा बुडविला. "मग गालिचा कतारला गेला यात वाईट काय? ज्यांनी मोती काढले त्यांच्याच घरी पोहोचला. आणि मदिनेच्याही जरा जवळच गेला." यास माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि अजूनही नाही.

एक विनंती करून लेखणी थांबवितो. आपल्या सभासदांपैकी अनेकांचे वाडवडील खानगीत, जामदारखान्यात, शिलेखान्यात, राजवाड्याच्या बांधकामावर नोकरीस होते. त्यांच्या तोंडून जे ऐकले असेल ते, क्षुल्लक वाटले तरी, लिहून ठेवावे. आजोबांना गालिच्याविषयी आणखी चार प्रश्न मी विचारले असते, तर आज हा लेख अधिक भरीव झाला असता. ते वारले तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो आणि मला क्रिकेटची गोडी होती.