बॅकलिंक : नावानिशी की निनावी?

एका संकेतस्थळावर दुसऱ्या संकेतस्थळाचा दुवा दिलेला असेल, तर त्या दुसऱ्या संकेतस्थळाच्या दृष्टीने तो दुवा म्हणजे 'बॅकलिंक' होय. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी 'पेजरँक' ही पद्धत मांडली आणि या दुव्यांना मोल आले. ज्या शोधनिबंधाचा संदर्भ अनेक अभ्यासक देतात तो महत्त्वाचा, हे विद्याक्षेत्रातील तत्त्व त्यांनी इंटरनेटला लावले. गुगलच्या क्रमवारीत आज इतर अनेक निकष असले, तरी दुव्यांचे महत्त्व संपलेले नाही. दुवा ही एक प्रकारची साक्ष आहे. ती उघडपणे मिळवावी की पडद्याआडून, हा व्यावसायिकांपुढील प्रश्न आहे.

नाशिकमध्ये हा प्रश्न केवळ संगणक व्यावसायिकांचा नाही. गंगापूर धरणाच्या परिसरातील वायनरी आणि निवासगृहे, येवल्याचे पैठणी विक्रेते, त्र्यंबकेश्वरला येणाऱ्या भाविकांची व्यवस्था पाहणाऱ्या प्रवासी संस्था या साऱ्यांचे बरेचसे ग्राहक परगावचे असतात आणि शोधयंत्रातून येतात. २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने तर पहिल्या पानावर येण्याची चढाओढ अधिकच तीव्र होणे स्वाभाविक आहे.

दोन मार्ग

पहिला मार्ग नाममुद्रेनिशी दुवे मिळविण्याचा. व्यावसायिक स्वतःच्या नावाने माहितीपर लेख लिहितो, पत्रकारांना माहिती पुरवितो, स्थानिक उपक्रमांना प्रायोजकत्व देतो, व्यापारी संघटनांच्या सूचीत नाव नोंदवितो. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'सुलाफेस्ट'सारख्या उत्सवाविषयी वृत्तपत्रे आणि प्रवासविषयक संकेतस्थळे आपणहून लिहितात, तेव्हा मिळणारे दुवे याच प्रकारात मोडतात. हा मार्ग संथ आणि कष्टाचा आहे. शिवाय एखादा लेख सुमार निघाला, तर त्याचा कमीपणा थेट नावाला चिकटतो. मात्र अशा दुव्यावरून क्रमवारीबरोबर प्रत्यक्ष वाचक आणि ग्राहकही येतात.

दुसरा मार्ग निनावी. टोपणनावाने प्रतिक्रिया टाकणे, परस्परांशी संबंध नसल्याचे भासविणारी अनेक संकेतस्थळे एकाच मालकाने चालविणे, पैसे देऊन लेखात दुवा घालणे आणि व्यवहार लपविणे, या त्याच्या नेहमीच्या रीती. प्रतिस्पर्ध्याला आपली युक्ती कळू नये आणि अंगाशी आले तर हात झटकता यावेत, ही त्यामागची कारणे सांगितली जातात. यातील दुसरे कारण फसवे आहे. दुवा देणारा निनावी राहू शकतो. दुवा ज्याच्याकडे जातो तो राहू शकत नाही. प्रत्येक बॅकलिंकच्या टोकाला लाभार्थीचा पत्ता लिहिलेलाच असतो.

गाजलेली प्रकरणे

फेब्रुवारी २०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अमेरिकेतील जे. सी. पेनी या विक्री साखळीचे प्रकरण उजेडात आणले. विषयाशी काडीमात्र संबंध नसलेल्या असंख्य संकेतस्थळांवर तिचे दुवे पेरलेले आढळले. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे सांगून कंपनीने सल्लागार संस्थेला दूर केले. तरीही क्रमवारीतील घसरण कंपनीच्याच वाट्याला आली. जानेवारी २०१२ मध्ये खुद्द गुगलने स्वतःच्या 'क्रोम'चे पान खाली ढकलले, कारण जाहिरात मोहिमेतील प्रायोजित लेखांत नियमबाह्य दुवा आढळला होता. २०१३ मध्ये ब्रिटनमधील इंटरफ्लोरा ही पुष्पविक्री कंपनी काही दिवस स्वतःच्या नावाच्या शोधातूनही गायब झाली होती. तिचे जाहिरातवजा लेख छापणाऱ्या प्रादेशिक वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांनाही त्याची झळ बसली.

नियम आणि कायदा

एप्रिल २०१२ मध्ये आलेल्या 'पेंग्विन' प्रणालीने कृत्रिम दुव्यांना शिक्षा देण्यास सुरुवात केली. सप्टेंबर २०१६ पासून तिचा भर असे दुवे मोजणीतून वगळण्यावर आला. त्यामुळे अनेकदा शिक्षा दिसत नाही; खर्च तेवढा वाया जातो आणि व्यावसायिकाला त्याचा पत्ताही लागत नाही. गुगलचे कर्मचारी स्वतः तपासून करतात ती कारवाई मात्र कायम आहे. पैसे देऊन दुवा घेणे सरसकट निषिद्ध नाही. २०१९ मध्ये 'स्पॉन्सर्ड' ही खूण उपलब्ध झाली. ती लावल्यास व्यवहार उघड राहतो, मात्र क्रमवारीत लाभ होईल अशी अपेक्षा धरता येत नाही.

भारतात, शिफारस करणारा आणि उत्पादक यांच्यात आर्थिक संबंध असेल तर तो जाहीर करावा, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे घेऊन लिहिलेली 'तटस्थ' शिफारस या कक्षेत येऊ शकते.

नाशिकचा धडा

नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना हे तत्त्व नवे नाही. युरोपला जाणारा माल कोणत्या बागेतील, हे शोधता यावे म्हणून 'अपेडा'ने २००६ मध्ये 'ग्रेपनेट' ही नोंद पद्धत सुरू केली. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या संजीवकाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडली, तेव्हा बागायतदारांना मोठा फटका बसला. नाव लावल्याने दोष टळतो असे नाही. पण तो कोठे आहे हे कळते आणि दुरुस्त करता येतो. निनावी मालाला, तसेच निनावी दुव्यालाही, ही सोय नसते.

प्रयोगासाठी वेगळे, व्यवसायाशी न जोडलेले संकेतस्थळ वापरण्यास हरकत नाही. मात्र मुख्य व्यवसायाचे काम संस्थेकडे सोपविताना प्रत्येक दुव्याची यादी, त्याचे ठिकाण आणि त्यासाठी दिलेली रक्कम लेखी मागावी. अशी यादी देण्यास जी संस्था नकार देते, तिचे काम न घेणेच श्रेयस्कर. आपण हा दुवा मिळविला, असे ग्राहकासमोर सांगताना संकोच वाटणार असेल, तर तो दुवा घेऊ नये.