तिकिटावरचा वेडा शिलेदार

आजची गोष्ट स्पेनच्या पोस्टाची.

साल 1905. तिकिटावर राजाचा चेहरा बघायची सवय असलेल्या लोकांच्या हातात 10 नवी तिकिटं आली. 5 सेंतिमोपासून 10 पेसेतांपर्यंत. त्यांवर कोण? चक्क एक वेडा म्हातारा! कुठे घोड्यावरून मोहिमेला निघालाय, कुठे पवनचक्कीवर भाला घेऊन धावतोय, कुठे मेंढरांच्या कळपावर तुटून पडलाय.

हा डॉन किहोते. शूरवीरांच्या पोथ्या वाचून वाचून डोकं फिरलेला आणि स्वतःच शिलेदार बनून निघालेला. सर्वांतेसनं अशा पोथ्यांची टिंगल करायला लिहिलेली ही कादंबरी 1605 मध्ये माद्रिदला छापली गेली. तिला 300 वर्षं झाली म्हणून ही तिकिटं. एखाद्या प्रसंगाच्या स्मरणार्थ काढलेली स्पेनची ही पहिलीच तिकिटं.

आता जरा काळ बघा. फक्त सातच वर्षांपूर्वी, 1898 मध्ये, अमेरिकेनं स्पेनला हरवलं होतं. क्युबा, पोर्तो रिको, फिलिपिन्स, सगळं गेलं. जुन्या वैभवाच्या गोष्टी उरल्या, वैभव नाही. अशा वेळी देशानं साजरा केला तो कोण? जुन्या वैभवाच्या गोष्टींनी वेडा झालेला माणूस! योगायोग म्हणा हवं तर, पण बोचरा आहे.

आणि चित्रं नुसती पराक्रमाची नाहीत, बरं का. 25 सेंतिमोच्या तिकिटावर बिचाऱ्या सांचोला घोंगडीत घालून उडवतायत, कारण खाणावळीचं बिल दिलं नाही! 4 पेसेतांच्या तिकिटावर तर खुद्द किहोतेच बैलगाडीत. गावचा पाद्री आणि न्हावी त्याला पिंजऱ्यात घालून घरी नेतात, तो प्रसंग.

सर्वांतेसचं आणि पत्रांचं नातंही अजब. 1571 च्या लेपांतोच्या लढाईत त्याचा डावा हात निकामी झाला. 1575 मध्ये घरी परतताना चाच्यांनी पकडून अल्जियर्सला नेलं. खिशात सेनापतीची शिफारसपत्रं होती. चाच्यांना वाटलं, बडी असामी दिसतेय! खंडणी एवढी वाढवली की सुटायला पाच वर्षं लागली. ज्याला पत्रांनी अडकवलं, त्याचाच शिलेदार पुढे पत्रांवर बसून गावोगाव फिरला.

उपहासाला तिकीट मिळालं की तो बोथट होतो, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. आपल्यावर हसणारं पुस्तक ज्या देशानं आपलं मानलं, त्यानं आरसा फोडला नाही, पाकिटावर चिकटवला. हेही थोडं नाही.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!