श्रीलंकेतील आर्थिक संकट (२०१९–२०२३)

श्रीलंकेतील आर्थिक संकट हे २०१९ पासून साचत गेलेले आणि २०२२ मध्ये परकीय चलनाच्या तीव्र तुटवड्याच्या रूपाने उघड झालेले संकट होय. १९४८ मधील स्वातंत्र्यानंतर त्या देशावर ओढवलेले हे सर्वांत गंभीर आर्थिक संकट मानले जाते. सुमारे ५१ अब्ज डॉलरचे विदेशी कर्ज असलेल्या सरकारने १२ एप्रिल २०२२ रोजी परतफेड स्थगित केल्याचे जाहीर केले व मे महिन्यात देश इतिहासात प्रथमच कर्जफेडीत चुकला.

कारणे

एप्रिल २०१९ मधील ईस्टरच्या दिवशीचे बॉम्बस्फोट आणि २०२० ची कोविड महासाथ यांमुळे पर्यटनाचे उत्पन्न आटले. मात्र संकटाचे मूळ केवळ या आपत्तींत शोधता येत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्ष यांच्या सरकारने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. महसूल घटला, पतमानांकन घसरले व आंतरराष्ट्रीय बाजारातून नवे कर्ज मिळणे बंद झाले. तूट भरून काढण्यासाठी मध्यवर्ती बँकेने चलन छापले. डॉलरचा अधिकृत दर सुमारे २०० रुपयांवर रोखून धरल्याने परदेशस्थ कामगार बँकेऐवजी ‘उंडियाल’ या हुंडीसारख्या मार्गाने पैसे पाठवू लागले.

२०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी घालण्यात आली. नोव्हेंबरमध्ये ती मागे घेतली गेली; परंतु तोवर भात व चहा या दोन्ही पिकांची हानी झाली होती आणि तांदळात जवळजवळ स्वयंपूर्ण असलेल्या देशाला तो आयात करावा लागला.

जानेवारी २०२२ मध्ये गंगाजळी आटत असतानाही ५० कोटी डॉलरच्या रोख्यांची परतफेड करण्यात आली. इंधन व औषधांसाठी लागणारे डॉलर धनकोंना दिले जात असल्याची टीका तेव्हा अनेक अर्थतज्ज्ञांनी केली होती. मे महिन्यापर्यंत वापरण्याजोगी गंगाजळी ५ कोटी डॉलरच्याही खाली गेली.

जनजीवनावरील परिणाम

मार्च २०२२ मध्ये रुपयाचा दर बाजारावर सोडताच काही आठवड्यांत डॉलर ३०० रुपयांच्या पुढे गेला. पेट्रोल, रॉकेल व स्वयंपाकाच्या गॅससाठी रांगा लागल्या. रांगेत तासन्‌तास उभे राहून काही वृद्धांचा मृत्यू झाला आणि पंपांवर सैनिक नेमावे लागले. रिक्षाचालकांच्या दृष्टीने रांगेतला दिवस म्हणजे बुडालेली कमाई होती. शहरांत चुलीसाठी सरपण विकले जाऊ लागले. भारनियमन मार्चअखेरीस दिवसाला १३ तासांपर्यंत पोहोचले. कागद व शाईअभावी पश्चिम प्रांतातील शालेय परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. रुग्णालयांनी तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया थांबवल्या. उत्तरेकडील काही तमिळ कुटुंबे बोटींनी रामेश्वरमजवळच्या किनाऱ्यावर उतरली.

सप्टेंबर २०२२ मध्ये महागाईचा दर सुमारे ७० टक्के, तर अन्नधान्याचा सुमारे ९५ टक्के होता. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार दारिद्र्याचे प्रमाण २०२१ मधील १३ टक्क्यांवरून वर्षभरात सुमारे २५ टक्क्यांवर गेले. त्या वर्षी ३ लाखांहून अधिक लोक कामासाठी परदेशी गेले.

आंदोलन व सत्तांतर

९ एप्रिलपासून कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर ‘गोटा गो गामा’ ही निदर्शकांची वस्ती उभी राहिली. ९ मे रोजी पंतप्रधान महिंदा राजपक्ष यांनी राजीनामा दिला. ९ जुलैला जमाव राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरला. गोटाबाया यांनी देश सोडला व १४ जुलैला सिंगापूरहून राजीनामा पाठवला. संसदेने रनिल विक्रमसिंघे यांना राष्ट्राध्यक्ष निवडले.

धोरणातील बदल

एप्रिल २०२२ मध्ये मध्यवर्ती बँकेने व्याजदर एकदम ७ टक्के बिंदूंनी वाढवले. इंधनासाठी क्यूआर कोडवर आधारित साप्ताहिक कोटा लागू झाल्यावर रांगा ओसरल्या. सरकारी कर्मचाऱ्यांना परसात भाजीपाला पिकवण्यासाठी शुक्रवारची सुटी देण्याचा निर्णयही याच काळातला. भारताने २०२२ मध्ये पतपुरवठा व अन्य मार्गांनी सुमारे ४ अब्ज डॉलरचे साहाय्य केले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने मार्च २०२३ मध्ये सुमारे ३ अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला.

त्याच्या अटींनुसार वीजदर वाढले, जानेवारी २०२३ पासून वार्षिक १२ लाख श्रीलंकन रुपयांवरील उत्पन्नावर ३६ टक्क्यांपर्यंत कर आला आणि जानेवारी २०२४ मध्ये मूल्यवर्धित कर १८ टक्के, म्हणजे २०१९ च्या कपातीपूर्वीपेक्षाही अधिक झाला. ‘अस्वेसुम’ या नव्या अनुदान योजनेच्या लाभार्थी-याद्यांवर लाखो अपिले दाखल झाली. देशांतर्गत कर्जाच्या फेररचनेतून बँकांकडील रोखे वगळले गेले, तर कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीला आपले रोखे बदलून घ्यावे लागले. बँका कोसळल्या तर ठेवीदार बुडतील, हे सरकारचे म्हणणे होते. कामगार संघटनांनी हा भार सर्वांत दुबळ्या घटकावर टाकल्याचा आक्षेप घेतला.

२०२३ च्या मध्यास महागाईचा दर एक आकडी झाला. तथापि दर उतरला तरी चढलेले भाव पूर्वपदावर आले नाहीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने दिलेल्या निकालात गोटाबाया, महिंदा व बासिल राजपक्ष यांच्यासह काही माजी अधिकाऱ्यांना या संकटास जबाबदार धरले. २०२४ च्या निवडणुकीत अनुरा कुमारा दिसानायके विजयी झाले. नाणेनिधीचा कार्यक्रम त्यांच्या सरकारनेही पुढे चालू ठेवला.