दामल्यांचे व्याकरण, मुक्तिबोधांची डायरी

लेखकाची साधने म्हटली की दौत, टाक, कागद आणि बसायची एक ठराविक जागा एवढेच डोळ्यांपुढे येते. खरी साधने याहून कमी दिसणारी असतात. हाताशी ठेवलेले व्याकरण, पुनःपुन्हा उघडला जाणारा एखादा ग्रंथ, वाचलेले ज्याच्यापाशी बोलून दाखवावे असा स्नेही, आणि लिहिलेले छापील असे एखादे नियतकालिक, ही ती साधने. नर्मदाकाठच्या जबलपूर शहरात विसाव्या शतकात जे साहित्य निर्माण झाले ते हिंदीतले. त्या शहराची कीर्तीही सुभद्राकुमारी चौहान आणि हरिशंकर परसाई यांच्या नावांनी आहे. परंतु तेथील लेखकांच्या टेबलावर काय होते याचा शोध घेऊ लागले, की मराठी पुस्तके वारंवार हाती लागतात.

पहिले उदाहरण कामताप्रसाद गुरू यांचे. सागरला 1875 मध्ये जन्मलेल्या आणि जबलपूरला 1947 मध्ये निवर्तलेल्या या शिक्षकाने हिंदीला तिचे प्रमाणभूत व्याकरण दिले. काशीच्या नागरीप्रचारिणी सभेने ते 1920 मध्ये पुस्तकरूपाने काढले. या कामासाठी गुरूंनी जी पुस्तके समोर ठेवली त्यांत इंग्रजी व्याकरणे होती, संस्कृत परंपरा होती, आणि मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' होते. दामल्यांचा हा ग्रंथ 1911 सालचा. दादोबा पांडुरंगांपासून कृष्णशास्त्री चिपळूणकरांपर्यंत पूर्वसूरींची मते एकेक तपासून, पटले ते घेऊन आणि न पटले त्याचे कारण देऊन रचलेला. मराठीचा विद्यार्थी दामल्यांना केशवसुतांचे बंधू म्हणून ओळखतो आणि त्यांचा ग्रंथ बहुधा परीक्षेपुरता उघडतो. जबलपूरच्या या शिक्षकाने मात्र तो कारागिराने हत्यार पारखावे तसा पारखला. नियम सांगण्याआधी त्याविषयीचा वाद मांडावा, उदाहरणांनी तो तोलावा, मग निर्णय द्यावा, ही रीत दोन्ही ग्रंथांत सारखीच दिसते.

गुरूंची एक कबुली येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. कारके आणि काळ यांचे विवेचन शुद्ध संस्कृत पद्धतीने करावे असे त्यांच्या मनात होते. पण इंग्रजीच्या सहवासाने रुळलेली वहिवाट इतकी बळकट झाली होती, की ती मोडणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. साधन निवडणाऱ्याला साधनही थोडे वळवून घेते, याचा हा प्रामाणिक दाखला आहे. व्याकरणकार सहसा अशी कबुली देत नाहीत.

त्याच 1920 साली जबलपुरात 'कर्मवीर' साप्ताहिक सुरू झाले. संपादक माखनलाल चतुर्वेदी; पाठीशी माधवराव सप्रे. सप्र्यांची मातृभाषा मराठी, लेखणी हिंदी. रामदासांचा 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' त्यांनी हिंदीत नेले. 'गीतारहस्य' मराठीत 1915 मध्ये आले आणि त्याचा हिंदी अवतार लगेच पुढल्या वर्षी, इतक्या तातडीने हे काम झाले. काशीच्या सभेच्या वैज्ञानिक कोशातील अर्थशास्त्राच्या परिभाषेचे कामही सप्र्यांनी केले होते. म्हणजे स्वतः वाचलेले दुसऱ्याच्या हाती देणे आणि त्यासाठी लागणारे शब्द घडवणे, ही दोन्ही कामे त्यांच्याकडे होती. 'कर्मवीर' पुढे खांडव्याला गेले. त्याच्याच पानांवर 1930 नंतरच्या दशकात एका कोवळ्या कवीच्या आरंभीच्या कविता छापल्या गेल्या. तो कवी गजानन माधव मुक्तिबोध.

मुक्तिबोधांचा जन्म 1917 चा, श्योपूरचा. घर मराठी, वडील पोलीस खात्यात. शिक्षण उज्जैनच्या माधव कॉलेजात आणि पुढे इंदूरला. (माधव कॉलेजात एके काळी दामल्यांनीही अध्यापन केले होते, माळव्यातल्या मराठी माणसांच्या वाटा अशा एकमेकींना छेदतात.) धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीकडे वळले. 'नवी मळवाट', 'क्षिप्रा' ही त्यांची पुस्तके, आणि 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथाला 1979 चे साहित्य अकादेमी पारितोषिक. थोरल्याने हिंदी का निवडली, याचे एक उत्तर आईच्या वाचनात आहे. आई हरि नारायण आपटे यांच्या कादंबऱ्या वाचणारी आणि प्रेमचंदांचीही निस्सीम वाचक. आपल्याला प्रेमचंदांचा भक्त आईने केले, असे मुक्तिबोधांनी एका लेखाच्या शीर्षकातच नोंदवले आहे. वाचनाची पहिली शिफारस त्यांना स्वयंपाकघरातून आली, समीक्षकाकडून नव्हे.

पुढचे वाचन त्यांनी स्वतः सांगितले आहे. 'तार सप्तक' या 1943 च्या संग्रहातील निवेदनात बर्गसाँच्या व्यक्तिवादी तत्त्वज्ञानाच्या प्रभावाची वर्षे येतात आणि त्यानंतर मार्क्सवादाकडे झालेला कल येतो. शुजालपूरच्या शाळेतील नोकरी आणि नेमिचंद्र जैन यांचा सहवास या वळणामागे होता. पुस्तक आणि मित्र ही दोन साधने त्यांच्या बाबतीत कधी वेगळी करता येत नाहीत. 1946-47 च्या सुमारास ते जबलपूरला आले. हितकारिणी शाळेत शिकवले, 'जयहिंद' दैनिकात काम केले, आणि 1948 मध्ये नागपूरला गेले. मुक्काम अल्प होता. तरीही जबलपूरने त्यांना पुढे जे दिले ते मोठे होते.

परसाईंची पहिली रचना ज्या 'प्रहरी' साप्ताहिकात आली त्याच्या संपादनात कामताप्रसाद गुरूंचे पुत्र रामेश्वर गुरू होते. परसाईंनी 1956 मध्ये जबलपूरहून 'वसुधा' हे मासिक काढले. ते दोनेक वर्षेच चालले; परंतु मुक्तिबोधांची 'एक साहित्यिक की डायरी' ही लेखमाला त्यात आली. डायरी म्हणावे तर तारखा नाहीत, घरगुती नोंदी नाहीत. दोन माणसे रस्त्याने चालत बोलत आहेत, एक दुसऱ्याला अडवतो आहे, असे तिचे रूप. एका प्रकरणाचे नावच 'वीरकर'. 'तीसरा क्षण' या प्रकरणात निर्मितीचे तीन क्षण सांगितले आहेत: उत्कट अनुभवाचा पहिला, तो अनुभव स्वतःच्या वेदनेपासून सुटून कल्पचित्र होण्याचा दुसरा, आणि त्या चित्राला शब्द मिळत जाण्याचा तिसरा. या तिसऱ्या क्षणात भाषा केवळ वाहन राहत नाही; ती आशयाला कापते, वाढवते, बदलते. साधन लेखकाला वळवते हे गुरूंनी व्याकरणाच्या प्रस्तावनेत ओझरते सांगितले होते. मुक्तिबोधांनी त्यातून काव्यशास्त्र उभे केले.

वाचनाची किंमतही त्यांना द्यावी लागली. शाळांसाठी लिहिलेले 'भारत : इतिहास और संस्कृति' हे 1962 चे पुस्तक. राजे आणि लढाया बाजूला ठेवून समाज व संस्कृती यांचा प्रवास सांगणारे, अनेक ग्रंथांच्या वाचनातून सिद्ध झालेले. त्याच वर्षी सप्टेंबरात मध्य प्रदेश शासनाने त्यावर बंदी घातली. दाद मागण्याचे ठिकाण जबलपूरचे उच्च न्यायालय होते. एके काळी ज्या शहरात त्यांनी मुलांना शिकवले, तेथेच मुलांसाठी लिहिलेल्या त्यांच्या पानांची छाननी झाली. हा आघात त्यांना फार लागला. फेब्रुवारी 1964 मध्ये पक्षाघात झाला आणि 11 सप्टेंबरला दिल्लीत त्यांचे निधन झाले. 'वसुधा'तील डायरी त्याच वर्षी पुस्तक होऊन आली, आणि 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा पहिला कवितासंग्रहही. तो त्यांना पाहता आला नाही.